कढई कोण घासणार?

“म्याडम, बाया च्या करायल्यात. तुमी सुरू करा.”

समोर सतरंजीवर सगळे पुरुष बसले होते. खव्याचं यंत्र महिला बचत गटाच्या नावावर. शेडवरचे सोलर पॅनल गटाच्या नावावर. मंजुरीच्या कागदावर सह्या बायांच्या. आणि ट्रेनिंगला आलेले कोण? नवरे, दीर आणि एक सासरे. ज्यांचं यंत्र, त्या शेडमागं तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत होत्या.

मी सौर यंत्रं बसवणाऱ्या एका संस्थेत काम करते. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय. यंत्र जोडायचं, चालू करून दाखवायचं आणि चालवणाऱ्याला शिकवायचं, याला आमच्यात कमिशनिंग म्हणतात. हे गाव भूम तालुक्यातलं, ईटच्या पुढं. नाव सांगत नाही, कारण मला तिथं अजून सर्व्हिसिंगला जावं लागतं.

आमच्याकडं पाऊस कमी, म्हणून घरोघर जनावरं. दुधाचा खवा करायचा आणि पेढेवाल्यांना विकायचा, हा इथला जुना धंदा. खवा होतो भट्टीवर. खाली लाकूड, वर लोखंडी कढई आणि समोर एक बाई, हातात लांब दांड्याचं उलथनं. हात थांबला की दूध तळाला लागतं. म्हणून हात थांबत नाही. धूर नाकातोंडात जातो, खांदा भरून येतो, तरी थांबत नाही. आमच्या भागातला पेढा तोंडात टाकून वा वा करणाऱ्यांनी एकदा त्या बाईचे डोळे बघावेत, मग बोलावं.

यंत्रात हे सगळं मोटर करते. स्टीलची मोठी कढई स्वतःभोवती फिरते, आतलं पातं तळ खरवडत राहतं, खालून विजेच्या कॉइल तापवतात. माणसानं दूध ओतायचं, स्विच दाबायचा आणि लक्ष ठेवायचं.

माझा संताप होतो तो इथं. धूर होता तोवर हे काम बाईचं होतं. धूर गेला, मोटर आली आणि त्याच दिवशी ते ‘टेक्निकल’ झालं. टेक्निकल झालं की ते पुरुषाचं. जातं बाईनं ओढायचं, गिरणी बाप्यानं चालवायची. हंडे बाईनं वाहायचे, पंपाचं बटण बाप्यानं दाबायचं. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते आणि बाजारच्या दिवशी भूमच्या स्टँडवर वाटते. ही वाक्यं त्यातलीच आहेत. लोक पत्रक घेतात आणि त्यात भजी बांधतात. तरी मी लिहिते.

मी बाहेर येऊन आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरना, जाधव सरांना, फोन लावला.

“सर, ट्रेनिंगला एकही बाई नाही.”

“फोटोपुरत्या बोलावून घे.”

“फोटोपुरत्या म्हणजे?”

“म्हणजे यंत्रासमोर उभ्या कर. एकीचा हात स्विचवर ठेव. रिपोर्टला लागतो. बाकी गावाचं गाव बघून घेतं. आणि हे बघ, तू आंदोलनाला गेलेली नाहीस, कमिशनिंगला गेलीयेस.”

मी आत जाऊन सांगून टाकलं. ट्रेनिंग गटाच्या सदस्यांनाच मिळेल.

दत्तूभाऊ उभे राहिले. गटाच्या अध्यक्ष सुमनकाकूंचे धाकटे दीर. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल, एका पक्षाचं गावातलं काम त्यांच्याकडं. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत तयार असतं.

“म्याडम, करंट हाय ह्यात. बाईमाणसाला शॉक बसला म्हंजी?”

“मला अजून बसला नाही.”

“तुमचं येगळं हाय. तुमी शिकलेल्या.”

“मग त्यांनाही शिकवते.”

मागून एकजण बोलला, “सरकार बायांच्या खात्यावर पैशे टाकाया लागल्यापासनं बाया ऐकंना झाल्यात. आता यंत्र बी त्यांच्याच नावानं. बाप्यानं करावं काय मग?”

“बाप्यानं च्या करावा!” दत्तूभाऊ म्हणाले. सगळे हसले.

“करून बघा एकदा,” मी म्हणाले. तेव्हा कुणी हसलं नाही.

मी शेडमागं गेले. सुमनकाकू पातेल्यात साखर टाकत होत्या. पन्नाशीच्या असतील. आवाज खणखणीत, डोळे धुरानं कायमचे लालसर. शेजारी लताबाई कप विसळत होत्या. मी तिथंच भाषण ठोकलं. यंत्र तुमचं आहे, स्विच तुमच्याच हातात पाहिजे, आज सोडलात तर पुन्हा मिळणार नाही, वगैरे. लताबाई कपात बघत राहिल्या.

“झालं का?” सुमनकाकू म्हणाल्या. “च्या घे. आन् यंत्र त्यांनाच चालवू दे.”

“काकू, तुम्हीसुद्धा?”

“आगं ऐक तर. पाटं उठून धारा कोण काढतं? म्या. शेण कोण काढतं? म्या. सैपाक म्या, भट्टी म्या. आता तू म्हंतीस यंत्र बी मीच चालवू. आन् ह्या बाप्यांनी दिसभर काय करायचं? पारावर बसून दिल्लीचं सरकार पाडायचं?”

“पण काकू, यंत्र गेलं की व्यवहारही जातो. मी बघितलंय दुसऱ्या एका गावात. आधी नवऱ्यानं यंत्र घेतलं. मग खवा विकायला तोच जायला लागला. शेवटी बाईकडं राहिली फक्त धार काढायची.”

“त्येच तर सांगायलेय. इकणं सोडायचं न्हाय. भूमला पेढेवाल्याकडं कोण जातं? मी. भाव कोण करतं? मी. ते आन् गटाचं खातं, ह्ये दोन सोडायचं न्हाय. भट्टी काय सोन्याची हाय का, धरून ठेवाया? भट्टीनं तर डोळे खाल्ले माझे.”

मला हे पटलं नाही, अर्धं अजूनही पटत नाही. मी तसं तोंडावर सांगितलं. “तुम्हाला यंत्र येतच नसेल तर उद्या ते अडवतील. दोन दिवस बंद ठेवतील. दूध घेऊन तुम्ही कुठं जाणार? मग त्यांची अट तुम्हाला ऐकावीच लागेल.”

काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

“ह्ये मातर बरोबर बोललीस. मग आमाला बी शिकीव. रोज चालवायचं न्हाय, पर याया पायजे.”

त्या पदराला हात पुसत शेडमध्ये गेल्या, मी मागोमाग.

“भाऊजी, यंत्र तुमी चालवा,” त्या दत्तूभाऊंना म्हणाल्या. “गट तुमाला मजुरी देईल. लता आन् आमच्यातली आणिक एक शिकून घेतील, अडीनडीला. पर एक सांगते, समद्यांनी ऐका. यंत्र जो चालवील, त्येनंच कढई घासायची.”



कढईचं सांगते. एक घाणा निघाला, म्हणजे एकदा दूध आटवून खवा झाला, की कढईला आतून खरवड चिकटते. ती काढली नाही तर पुढच्या घाण्याला ती जळते आणि खव्याला करपट वास लागतो. पेढेवाला बोटावर घेऊन वास घेतो आणि माल परत करतो. पात्यानं सगळी खरवड निघत नाही. गरम पाणी आणि काथ्या घेऊन, कमरेत वाकून, कढईत खांद्यापर्यंत हात घालून घासावं लागतं. दर घाण्याला.

“भांडी घासाया बाया हायत की,” दत्तूभाऊ म्हणाले.

“भांडं कशाचं? यंत्राचा पार्ट हाय त्यो. व्हय ना गं?”

“होय,” मी म्हणाले. “मेंटेनन्समध्ये येतं ते. ऑपरेटरचं काम आहे.” हे मी काकूंची बाजू घ्यायला म्हणाले नाही. आमच्या मॅन्युअलमध्ये तसंच आहे. फक्त तोवर ते कुणी वाचलेलं नव्हतं.

“बघू ते मागून,” म्हणत दत्तूभाऊंनी स्विच दाबला. दुसऱ्यानं व्हिडिओ काढला. कढई फिरली, दूध आटलं, पांढराशुभ्र खवा निघाला. दत्तूभाऊंच्या स्टेटसला फोटो चढला. टाळ्या पण झाल्या.

मग कढई थांबली. आत खरवड, बाहेर दुधाचे कॅन. सगळ्या गटाचं सकाळचं दूध तिथं उभं होतं आणि ऊन वर चढत होतं. या उन्हात दूध फार दम धरत नाही.

पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. कुणी मोबाइल काढला, कुणी तंबाखू. बाया शेडच्या कट्ट्यावर डोक्यावर पदर घेऊन बसल्या. मला वाटलं, आता कुणीतरी बाई उठणार. दरवेळी तसंच होतं. पुरुष नुसते थांबतात, आणि त्यांना माहीत असतं की नुसतं थांबलं की होतं. घरातली बाई कंटाळून उठते.

लताबाई उठल्याच. “काकू, माझं दूध हाय त्यात. घरी सासू इचारील.”

सुमनकाकूंनी त्यांचं मनगट धरलं. “बस.”

मला राहवलं नाही. “काकू, आजच्या दिवस मी घासते.”

“तू सांच्याला भूमला जाशील. उद्या कोण घासंल?”

मी बसले. तेवढ्यात सरांचा फोन आला.

“झालं का कमिशनिंग?”

“यंत्र चालू झालं सर. कढई घासायची राहिलीय.”

“मग घासा की!”

“कुणी घासायची, त्यावर चाललंय.”

“बाई माझे, तुला काय घासायला पाठवलंय का चर्चेला?” मी फोन ठेवला.

शेवटी ते एक सासरे उठले. अण्णा म्हणतात त्यांना. त्यांनी एका कॅनचं झाकण उघडलं आणि नाक आत घातलं.

“दत्तू, दूध जायला लागलं रं.”

“अण्णा, मी काय करू?”

“स्टेटस ठिवताना इचारलं व्हतंस का मला?”

“गाव बगायलं की अण्णा!”

“गाव दूध बी बगायलंय.”

दत्तूभाऊ तडक दाराकडं निघाले. गेले, मला वाटलं. ते गेले नाहीत. सगळ्यांना बाहेर काढलं, स्वतः आत राहिले आणि शेडचं शटर खाली ओढलं.

 मग आतून काथ्याचा खर्र खर्र आवाज यायला लागला. कट्ट्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हलत होत्या.

“वयनी, गरम पाणी!” आतून हाक.

“गरम पाण्याचा नळ तुमच्या मागंच हाय, भाऊजी!”

शटर वर गेलं. पांढरा शर्ट छातीपर्यंत भिजलेला. आता मात्र एकही बाई हसली नाही. हे मला फार आवडलं. सुमनकाकू आत गेल्या, कढईच्या कडेनं बोट फिरवलं आणि बोट वर धरलं.

“हितं ऱ्हायलंय.”

दत्तूभाऊंनी काकूंकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं आणि शटर पुन्हा खाली ओढलं.

दुसऱ्या घाण्याची तयारी सुरू झाली. मी लताबाईंना आणि त्यांच्या जोडीदारणीला पॅनलचं मीटर, इन्व्हर्टर, कॉइलचं तापमान, सगळं दाखवलं. लताबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा स्वतः चालू करून दाखवलं. ओतण्याआधी प्रत्येक कॅनमधलं थोडंथोडं दूध तापवून बघितलं. एकाच कॅनमधलं फाटलं. तो कॅन सुमनकाकूंचा होता, अण्णांनी वास घेतलेला. बाकीच्यांचे कॅन शेडच्या सावलीत होते. काकूंनी आपला सकाळी आल्या आल्या बाहेर, उन्हाच्या बाजूला ठेवला होता.

“काकू, तुम्हाला माहीत होतं हे असं होणार?”

“आमच्या भाऊजीला मी वळखत न्हाय व्हय?”

“मग तुमचाच कॅन का उन्हात?”

“दुसऱ्याचं दूध डावावर लावून भांडत्यात व्हय कुणी?”

एवढं बोलून त्यांनी ते दूध चुलीवर तापवून पूर्ण फाडलं, फडक्यात ओतलं, पाणी गाळलं आणि लताबाईंच्या लेकरांना खायला देऊन टाकलं. मी पत्रकांतून इतकी वर्षं बायांना ‘लढा’ म्हणून सांगते. लढताना कुणाचं काय जाणार, याचा हिशोब त्यांनी माझ्याआधी करून ठेवला होता. आमच्या पक्षबिक्षवाल्यांत, आणि मी ज्या संघटनांत वावरते त्यांच्यात, हे करणारा माणूस मला अजून भेटायचाय.

युनिट आजही चालू आहे. दत्तूभाऊ आणि आणखी एकजण पाळीनं यंत्र चालवतात, मजुरीवर. खवा घेऊन भूमला काकूच जातात, एस.टी.नं, आणि गटाचं खातं गटाकडंच आहे. मध्ये निवडणूक आली तेव्हा दत्तूभाऊ प्रचाराला गेले. आपल्याशिवाय यंत्र बंद पडेल आणि वहिनी बोलावणं धाडतील, असा त्यांचा अंदाज होता. बोलावणं काही गेलं नाही. ते परत आले तेव्हा लताबाई तिसरा घाणा काढत होत्या. त्यांनी बाह्या वर केल्या आणि काथ्या घेतला. घासताना शटर अजून खाली येतं, पण मागच्या सर्व्हिसिंगला बघितलं तर अर्ध्यावरच थांबलं होतं.

काकूंचे डोळे मात्र तसेच आहेत. ती लाली आता जाणार नाही म्हणतात.

मी माझ्या पद्धतीत एक बदल केला. आता कुठल्याही गावात ट्रेनिंग कढई घासण्यापासून सुरू करते. स्विच सगळ्यात शेवटी. थोड्या वेळातच निम्मे बाप्ये ‘जरा येतो’ म्हणून उठतात आणि परत येत नाहीत. बसायला जागा होते. मागं उभ्या असलेल्या बाया पुढं सरकतात.