मेथीच्या वाफ्यातली मांजर

म्हसावदला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई रोज सकाळी कमरेवर हात ठेवून आपल्या मेथीच्या वाफ्याकडे बघत उभ्या राहतात. ही मेथी त्या बाजारात विकतात आणि माझी मांजर नेमकी तिथेच उकरून घाण करायची. मी मात्र 'मांजर पाळा, पृथ्वीही सांभाळा' हे पत्रक गावभर वाटत होतो. प्लास्टिकवाल्यांना त्यात चांगलं झोडपलं होतं. मांजरीच्या शीसाठी मी मातीत मिसळणारा भुसा मागवला, तो सुरतेहून प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत आला. मांजरीने त्याचा वास घेतला आणि कुंपण ओलांडलं.

मांजरीने उकरलेल्या कोपऱ्यातली मेथी बाईंनी उपटून फेकली. माझ्या पत्रकाची घडी घालत म्हणाल्या, "कागद चांगला शे, भाऊ. पन तुन्ही मांजरले वाचता येत नही."

मग फुटक्या घमेल्यात चुलीची राख आणि शेंगांची चुरलेली टरफलं भरून त्यांनी ते माझ्या ओट्यावर ठेवलं. मांजर त्याच दिवसापासून त्यात जाऊ लागली.

पुढच्या पत्रकात हा उपाय, मेथीच्या वाफ्याच्या हकिकतीसकट, तुमच्या नावानिशी छापतो, असं मी अभिमानाने सांगितलं. बाई पहिल्यांदाच घाबरलेल्या दिसल्या.

"मन्हं नाव नको टाकू, भाऊ. मंग मन्ही मेथी कोन लेई?"