दोघंही वाहक

मामाचा मुलगा सिकलसेल या रक्ताच्या आजारानं गेला तेव्हा मी खराडीत सॉफ्टवेअरची नोकरी करत होते. मामा विदर्भात आडगावी राहायचा. पोराच्या हातापायांत कळा यायच्या, त्याला सगळे वाताचा त्रास समजत राहिले. नेमकी तपासणी जवळपास कुठं होतच नव्हती. पुढं मी नोकरी सोडली आणि दोन मित्रांबरोबर बिबवेवाडीतल्या एका शेडमध्ये डब्याएवढं यंत्र बनवायला घेतलं. थेंबभर रक्तातला सदोष जनुक त्यानं ओळखायचा, तोही खेड्यातल्या दवाखान्यात, बॅटरीवर.

यंत्र चालू लागल्यावर आधी घरच्यांचंच रक्त तपासलं. धाकटा भाऊ आणि त्याची होणारी बायको हौसेनं आली. साखरपुडा झालेला. ती शाळेत शिकवायची. दोघंही वाहक निघाली. त्यांना स्वतःला काही होणार नव्हतं, पण दोघांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. यंत्र चुकलं असेल, अशी मी आशा धरली. मोठ्या लॅबनंही तेच सांगितलं.

एका दुपारी ती एकटीच शेडवर आली.

"ताई, बाळ पोटात असतानाच तपासणी होते ना?"

"होते."

"आणि आम्ही मूल नकोच म्हटलं तर?"

"तर काहीच अडचण नाही."

"मी ह्यांना तेच म्हटलं. हे काही बोलतच नाहीत."

घरी भावाला विचारलं. टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला, "आईशी बोल."

आई भाजी निवडत होती. "माझ्या भावाचं पोर कळवळताना मी मांडीवर घेतलंय. पुन्हा नाही बघवणार मला."

लग्न मोडलं. नातेवाइकांत एवढंच पसरलं की मुलीचं रक्त खराब आहे. भावाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दोघांचे रिपोर्ट सारखेच आहेत, हे मी फोन करकरून सांगत राहिले. लोक ऐकून घ्यायचे आणि विषय बदलायचे.

शेवटी तिच्या वडिलांना भेटायला गेले. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "आपलं यंत्र चांगलं आहे. आमच्या दारात मात्र पुन्हा आणू नका."

भावाचं लग्न लवकरच दुसरीकडे झालं. तिचं अजून झालेलं नाही. आमची यंत्रं आता बऱ्याच खेड्यांत चालतात. परवाच एका दवाखान्यातली नर्स फोनवर सांगत होती, लग्नाच्या वयाच्या मुलींना आईबाप तपासणीला पाठवतच नाहीत.