नवसाची पाटी

वाल्लेस्कूरा गावात नुन्झियाताला कोणी शिकलेली म्हणत नसे, आणि तिचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. दुसरी इयत्ता झाली तेव्हा घरी धाकटी भावंडं सांभाळायला कोणीतरी हवं होतं, म्हणून तिची शाळा सुटली. पुढे ती टोमॅटोच्या डब्यांच्या कारखान्यात लागली. पट्ट्यावरून टोमॅटो येत, ती नासके बाजूला काढी. वरून लालबुंद दिसणारा पण आतून गेलेला टोमॅटो तिला हात लावल्याबरोबर कळे. माणसांचंही तिला बरंचसं तसंच कळे, पण त्याबद्दल ती काही बोलत नसे.

तिचा नवरा आनिएल्लो आणि धाकटा दीर साबातो मिळून घरांना रंग देत. आनिएल्लो शिडीवर, साबातो खाली शिडी धरून. ही वाटणी त्यांच्या वडिलांनी करून दिली होती. साबातोला उंचीची भीती होती आणि आनिएल्लोला गप्पांचा कंटाळा. खाली उभं राहिलं की येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलावं लागतं.

त्या वर्षी सप्टेंबरात ते नुन्झियाताच्या घरासमोर, औषधवाल्याच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांना हिरवा रंग देत होते. दुपारी सगळं गाव झोपलेलं. नुन्झियाता आपल्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली वर ओढत होती, टोपलीत पाव होता. टोपली अर्ध्यावर आली आणि तिला दिसलं की शिडीचा पाय खाली पसरलेल्या फडक्यावरून सरकतोय, आणि शिडीपाशी कोणीच नाही. तिच्या हातातून दोरी सुटली.

"मादोन्ना माउली, वाचव त्याला," ती म्हणाली. "तुझ्या चर्चमध्ये चित्राची पाटी लावीन. जसं झालं तसं काढून लावीन."

तोवर आनिएल्लो फळवाल्याच्या कापडी छतावर पडला होता आणि छतावरून पीचच्या पेट्यांवर. पाय मोडला, डोक्याला मार लागला, शुद्ध गेली. जीव राहिला. साबातो समोरच्या कॉफीच्या दुकानातून धावत आला आणि भावाशेजारी गुडघ्यांवर बसला. त्याच्या हातात कॉफीचा कप होता. तो खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. लोक जमले ते सगळे आनिएल्लोकडे बघत होते. नुन्झियाता वरून सगळ्यांकडे बघत होती.

नवस बोलताना तिने "जसं झालं तसं" हे शब्द विचार करून घातले नव्हते. पण बोलून गेली होती, आणि मादोन्नाने आपलं काम ताबडतोब केलं होतं.

आनिएल्लो शुद्धीवर आला तो स्वतःलाच दोष देत. "शिडीचा पाय मीच नीट टेकवला नाही," तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगे. "साबातो बिचारा काय करणार? मी वरून एवढा जड, तो खाली एवढासा." साबातो तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी बसून संत्रं सोलत असे. आजाऱ्यासाठी आणलेली बरीचशी संत्री त्यानेच खाल्ली.

प्लास्टर निघालं, पाय बरा झाला, पण आनिएल्लो शिडीवर चढेना. "माझा अंदाज चुकायला लागलाय," तो म्हणे. "अंदाज गेलेल्या माणसाने खालीच उभं राहावं." मग तो शिडी धरू लागला आणि साबातो वर चढू लागला. वर म्हणजे तीन पायऱ्या. त्या हिवाळ्यात गावातल्या बऱ्याच घरांच्या भिंती खांद्यापर्यंत नव्या आणि त्यावर जुन्या दिसत होत्या. औषधवाल्याची खिडकी अर्धी हिरवी राहिली ती राहिलीच. कामं कमी झाली. आनिएल्लो संध्याकाळी खुर्चीवर बसून स्वतःच्या हातांकडे बघे, जणू ते कोणी वापरायला दिलेले आणि आता परत मागितलेले.

पाटीसाठी नुन्झियाता पाट्या काढणाऱ्याच्या दुकानात गेली. म्हातारा वारला होता, त्याचा मुलगा आता पेट्रोल पंपाचे फलक रंगवत होता, पण नवसाची पाटीही काढून देईन म्हणाला. त्याने पेन्सिल घेतली. वर कोपऱ्यात ढग, ढगात मादोन्ना. मध्ये शिडी.

"खाली शिडी कोणी धरली होती?" त्याने विचारलं. "माणूस जाडा काढू की बारीक?"

नुन्झियाता म्हणाली, घरी विचारून येते. या माणसाला सांगितलेलं रविवारच्या प्रार्थनेआधी सगळ्या गावाला कळतं, हे तिला ठाऊक होतं. ती परत गेली नाही.

साबातोला ती पाट्यावाल्याकडे गेल्याचं कळलं. तो तिला बाजारात गाठून म्हणाला, "वहिनी, पाटीवर मला शिडीपाशी काढायला सांगा."

"तिथे होतात का, भाऊजी?"

"होतो की. आधी होतो."

"कधी आधी?"

"कॉफीच्या आधी." त्याने इकडेतिकडे बघितलं. "वहिनी, तुम्ही तोंड उघडलंत तर दादा माझं तोंड बघणार नाही. आणि त्याच्याशिवाय मी काय करू? मला तर वरही चढता येत नाही."

"ते सगळ्या गावाला दिसतंय," नुन्झियाता म्हणाली आणि कांदे निवडू लागली.

त्याच सुमारास कारखान्यात फलक लागला. कामगारांना कामाच्या वेळातून सवड मिळणार होती, संध्याकाळी शाळेत बसायचं, वर्षाअखेरीला आठवीचा दाखला. विषयांत भाषा होती, वाङ्मय होतं, चित्रकलाही होती. नुन्झियाताने नाव दिलं. सगळ्यांना वाटलं तिला दाखला हवाय. तिला पाटी स्वतः काढायची होती, आणि खाली चार शब्द लिहायचे होते.

शिकवायला उत्तरेकडून आलेली झानेल्लाबाई होती. वयाने नुन्झियाताच्या मुलीसारखी, सर्दी झालेली, कायम गळ्याला लोकरी पट्टा. ती म्हणे, "शब्द असो, कविता असो, चित्र असो, कोणीतरी कोणाला तरी काहीतरी सांगत असतं. आपण तीन प्रश्न विचारायचे. कोण सांगतंय, कोणाला, आणि काय."

पहिल्या आठवड्यात तिने मासिकातलं एक पान फळ्यावर लावलं. उघडा फ्रिज, आतून उजेड येतोय, समोर हात जोडल्यासारखी हसणारी बाई.

"काय दिसतं?" बाईने विचारलं.

"हिला काय झालं होतं?" नुन्झियाता म्हणाली.

"म्हणजे?"

"कशातून वाचली ती?"

मागच्या बाकावरची कोणी म्हणाली, विजेचा झटका बसला असणार, फ्रिजला हात लावला की बसतो. दुसरी म्हणाली, नाही, काहीतरी नासकं खाल्लं असेल. मग तो उजेड कोणाचा यावर वाद झाला. संत तर कुठे दिसत नव्हता, आणि संत न दाखवता नवसाची पाटी लावणं हा जरा आगाऊपणाच होता. झानेल्लाबाईने बराच वेळ नाक पुसलं. मग म्हणाली, "अशी चित्रं तुम्ही कुठे बघता?"

पुढच्या शनिवारी त्यांनी तिला मादोन्नाच्या चर्चमध्ये नेलं. भिंतीवर खालपासून वरपर्यंत पाट्या. बैलगाडी उलटलेली, बाळंतीण पलंगावर, विहिरीत पोर, नावेत पाणी, आणि प्रत्येकीत वरच्या कोपऱ्यात ढग, खाली गुडघे टेकलेली घरची माणसं. बाई एकेका पाटीपुढे थांबत राहिली आणि तिची बस चुकली. ती नुन्झियाताकडे जेवली, वालाच्या शेंगांची भाजी दोनदा घेतली.

जेवताना तिला पाटीबद्दल कळलं. "छान," ती म्हणाली. "मग सांगणाऱ्या तुम्ही. आणि कोणाला सांगताय?"

"मादोन्नाला."

"तिला काय झालं ते माहीत नाही का?"

"तिला कसं माहीत नसेल? तीच तर होती तिथे."

"मग कोणाला?"

आनिएल्लो ब्रेडने ताट पुसत होता. नुन्झियाताने त्याच्याकडे बघितलं आणि बाईला आणखी भाजी वाढली. त्या रात्री जपमाळ ओढताना तिचे मणी तीनदा चुकले, आणि तिने देवाची क्षमा मागून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

हिवाळा सरत आला तेव्हा बाईने एक कविता वाचून दाखवली. भाऊ गेलेल्या माणसाची. त्यात भाऊ नव्हताच. फक्त जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची होती, आणि ती रोज कोणीतरी पुसत होतं.

"भाऊ मेला असं कवीने सरळ का नाही म्हटलं?" बाईने विचारलं.

"तारेसारखे शब्दागणिक पैसे पडत असतील," मागून उत्तर आलं.

वर्ग हसला. नुन्झियाता हसली नाही. ती खुर्चीचा विचार करत होती. म्हणजे एखादी वस्तू नुसती जागेवर ठेवायची आणि गप्प बसायचं. ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि आपण तर काही बोललो नाही. आणि खोटंही बोललो नाही.

तिने आनिएल्लोकडून उरलेले रंग मागून घेतले, एक फळी घासून घेतली. आनिएल्लोने रंग काढून दिले, कशाला ते विचारलं नाही. शाळेचं काहीतरी असेल. मादोन्ना काढायला तिला आठवडे लागले. ढग आधी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा झाला, मग बरा झाला. औषधवाल्याची अर्धी हिरवी खिडकी, घसरती शिडी, हवेत आनिएल्लो, पीचच्या पेट्या. शिडीच्या पायाशी नुसतं फडकं. आणि खाली कोपऱ्यात, पाट्यांवर माणसं बसतात तसा, गुडघे टेकलेला साबातो.

झानेल्लाबाईने ती पाटी वर्गात बघितली. "याच्या हातात काय आहे?"

"कप."

"कसला?"

"कॉफीचा."

"का?"

"होता म्हणून."

बाईने पाटी जवळ घेतली. "खाली एखादी ओळ लिहायची का? बघणाऱ्याला कळेल."

नुन्झियाताने नाही म्हणून मान हलवली. खाली तिने स्वतःच्या अक्षरात गावाचं नाव लिहिलं, सप्टेंबर लिहिलं, आणि "कृपा झाली" असं लिहिलं. अक्षर उजवीकडे चढत गेलं होतं, पण वाचता येत होतं.

ईस्टरनंतरच्या सोमवारी मादोन्नाची जत्रा असते. नवस फेडायचे ते त्या दिवशी. नुन्झियाताने पाटी फडक्यात गुंडाळली. दोघे भाऊ इस्त्रीचे शर्ट घालून तिच्या मागून चालत होते. चर्चमध्ये पाद्री एरास्मो खिळा आणि हातोडी घेऊन उभे होते. त्यांनी फडकं काढलं, पाटी लांब धरून बघितली.

"वा," ते म्हणाले. "साबातोच्या हातात पवित्र पेला. सुंदर कल्पना. भक्ती दिसते." आणि त्यांनी ती टांगली.

साबातोने सुटकेचा श्वास टाकला तो शेजारच्या मेणबत्तीला लागला आणि ती विझली.

आनिएल्लोने पाटी बघितली. तो रंगारी होता, त्याने आधी रंगच बघितला. "हिरवा बरोबर आलाय," तो म्हणाला. मग त्याने शिडी बघितली. शिडीच्या पायाशी बघितलं. तिथे बराच वेळ बघितलं. मग कोपऱ्यातल्या गुडघे टेकलेल्या माणसाच्या हातातल्या कपाकडे बघितलं, कपाला कान होता, बशी नव्हती. आजूबाजूला लोक पुढे सरकत होते, कोणी म्हणत होतं, चला, चला, मागे रांग आहे.

"साखर घातली होतीस का?" आनिएल्लोने पाटीकडे बघतच विचारलं.

साबातोचा चेहरा पांढरा पडला. "दोन चमचे, दादा."

"म्हणजे ढवळायलाही वेळ गेला असणार."

"हो, दादा."

"मी म्हणत होतो, माझाच अंदाज चुकला."

"मी ऐकत होतो, दादा."

"संत्री खात."

साबातोने विझलेली मेणबत्ती दुसऱ्या मेणबत्तीवर पेटवली आणि जागेवर लावली. ती वाकडी लागली. आनिएल्लोने ती सरळ केली, टोपी घेतली आणि एकटाच बाहेर गेला.

तो आठवडाभर भावाशी बोलला नाही. नुन्झियाताशीही फक्त मीठ दे, पाणी दे एवढंच. ती रोज मादोन्नाला सांगे, मी जसं झालं तसंच काढलं, आता पुढचं तू बघ. मागणं नव्हतं, नुसतं कळवणं होतं.

पुढच्या सोमवारी सकाळी तिला रस्त्यावर लाकूड आपटल्याचा आवाज आला. ती खिडकीशी गेली. औषधवाल्याच्या घराला शिडी लावलेली होती. फडकं घडी करून बाजूला ठेवलेलं. आनिएल्लोने शिडीचा पाय दोनदा हलवून बघितला, मग तिसऱ्यांदा. हिरव्या रंगाचा डबा कमरेला अडकवला.

"धर," तो म्हणाला.

सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच तो शिडी चढत होता. साबातोने दोन्ही हातांनी शिडी धरली, गालही तिला टेकवला. समोरच्या कॉफीच्या दुकानवाल्याने दारातून हाक मारली, "साबातो, तुझी तयार आहे, दोन साखर." साबातोने मान वळवली नाही.

नुन्झियाताने दोघांसाठी कॉफी करून ठेवली होती, टोपलीतून खाली सोडायला. तिने टोपली घेतली, खिडकीपर्यंत आली, खाली बघितलं, आणि टोपली परत खुंटीला लावली. किटली चुलीवर तशीच राहिली. खिडकीची दुसरी बाजू हिरवी होईपर्यंत कॉफी पार गार झाली, आणि तिने कोणालाही हाक मारली नाही.