वेगळं झाल्यावरची पहिली वर्षं

अर्थशास्त्रात पीएचडी करायला मी अमेरिकेत ॲन आर्बरला आले ती २००२ साली. माझ्याबरोबरचे विद्यार्थी दोन-दोन वर्षं विषय शोधत फिरायचे. मला तो घरूनच मिळाला होता.

मी नागपूरची. माझे बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते आणि वेगळ्या विदर्भाचे जुने समर्थक. तरुणपणी मोर्च्यांत गेलेले, एकदा लाठीही खाल्लेली. आमच्याकडे जेवताना हा विषय निघाला की पोळ्या गार व्हायच्या. कोळसा आपला, वीज आपली, जंगल आपलं, मग आपण मागे का, हे ऐकतच मी मोठी झाले. कॉलेजात गेल्यावर मी एकदा विचारलं, "पण बाबा, वेगळं झालं की नेमकं काय होतं? कोणी मोजलंय का?" ते म्हणाले, "मोजायचं काय त्यात? दिसूनच राहिलं आहे." मला काही दिसत नव्हतं. मोजायला हवं, असं मात्र तेव्हापासून वाटत होतं.

विदर्भ वेगळा झालेला नव्हता, त्यामुळे तो मोजता येणार नव्हता. म्हणून मी चेकोस्लोव्हाकिया घेतला. १९९३ साली एका देशाचे चेक आणि स्लोव्हाकिया असे दोन देश झाले, तेही भांडण-मारामारी न होता. दोघांनी आपसांत जकात लावायची नाही असं ठरवलं. चलनसुद्धा एकच ठेवणार होते, पण ते काही आठवड्यांतच वेगळं करावं लागलं. म्हणजे रस्ते तेच, कारखाने तेच, माणसं एकमेकांची भाषा समजणारी, आणि मध्ये फक्त एक सीमा आली. तेवढ्यानं व्यापाराचं काय होतं, हा माझा प्रश्न. माझ्या गाईडना तो आवडला. ते मितभाषी होते. "हं, करून बघ," एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या बाबतीत ही पुष्कळ मोठी शाबासकी होती.

आमच्या डिपार्टमेंटच्या तळघरात मला एक टेबल मिळालं. समोरच्या टेबलावर स्लोव्हाकियाची मुलगी बसायची. हा योगायोग इतका सोयीचा होता की पहिल्याच आठवड्यात मी तिला माझा विषय सांगून टाकला. ती हसली नाही. "आमच्यावर पीएचडी करायला नागपूरहून कोणी येईल असं वाटलं नव्हतं," असं म्हणून तिनं स्वतःच्या कामात डोकं घातलं. तिचा विषय बँकांचा होता. पण आमची मैत्री झाली. बर्फात बसची वाट पाहत उभं राहिलं की आपोआप होते तशी.

पहिली उत्तरं यायला दोन वर्षं लागली. दोन देश किती मोठे आहेत आणि एकमेकांपासून किती लांब आहेत, यावरून त्यांच्यात साधारण किती व्यापार असावा याचा अंदाज करता येतो. एके काळी हे दोन भाग त्या अंदाजाच्या कितीतरी पट जास्त देवाणघेवाण करत होते. वेगळं झाल्यावर ती झपाट्यानं खाली आली. आलेख काढला की डोळ्यांत भरायचं. जकात नव्हती, तरीही. आणि लहान बाजूला, म्हणजे स्लोव्हाकियाला, जास्त झळ बसली होती.

मी खूश होते. रविवारी सकाळी कॉलिंग कार्डाचा नंबर फिरवून बाबांना फोन केला आणि सांगितलं.

"म्हणजे तोटा?" त्यांनी विचारलं.

"हो. सुरुवातीला तरी बराच."

मग ते म्हणाले, "तिकडे थंडी किती आहे?" थंडी किती आहे ते मी सांगितलं. त्यानंतर कित्येक रविवार आम्ही हवामानावर बोललो. आई मध्येच फोन घेऊन म्हणायची, "अगं, ते रुसले आहेत, तू लक्ष देऊ नको." मी लक्ष देत नव्हते. वडील नाराज झाले म्हणून आलेख वर जात नाही.

त्या हिवाळ्यात माझं डिपार्टमेंटसमोर पहिलं सादरीकरण होतं. खोली भरली होती. मी चांगलं बोलले, हे मला आजही ठाऊक आहे. शेवटी प्रश्न सुरू झाले तेव्हा मागच्या रांगेतून माझ्या स्लोव्हाक मैत्रिणीनं हात वर केला.

"आमच्या गावात एकच मोठा कारखाना होता," ती म्हणाली. "माझे वडील तिथे फोरमन होते. तो बंद पडला तेव्हा देश नुकताच वेगळा झाला होता. तुझ्या आलेखात तो कारखाना फाळणीच्या खात्यावर जातो. पण त्यांच्या ऑर्डरी पूर्वेकडून, सोव्हिएत संघातून यायच्या, आणि त्या आधीच थांबल्या होत्या. देश एकत्र राहिला असता तरी तो बंद पडलाच असता. मग यातलं किती वेगळं होण्यामुळे, आणि किती एरवीही झालंच असतं?"

गाईडनी माझ्याकडे पाहिलं. मी आहे तसं सांगितलं. "हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही. करता येईल असं वाटतं." गाईड "हं" म्हणाले आणि सगळे सामोसे खायला उठले.

मी तिच्याजवळ गेले. "हे तू मला खाली टेबलावर बसून विचारू शकली असतीस."

"तेव्हा मला सुचलं नव्हतं," ती म्हणाली. "तू आलेख दाखवलास आणि एकदम बाबा आठवले. गावात सगळे फाळणीला शिव्या द्यायचे. बाबा एकटेच म्हणायचे, फाळणीला उगाच बदनाम करू नका, गिऱ्हाईकच उरलं नाही. कोणी ऐकायचं नाही. शिव्या द्यायला देश सोपा पडतो."

राग आला होता, तो तिथेच ओसरला, कारण प्रश्न खराच होता आणि चांगला होता. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. युक्ती तशी साधी होती. आजूबाजूचे देश, पोलंड आणि हंगेरी, फुटले नव्हते, पण पूर्वेकडची गिऱ्हाइकं त्यांचीही गेली होती. न फुटता त्यांचं जेवढं नुकसान झालं, तेवढं काळाचं मानायचं. त्याहून जे जास्त, ते फुटण्याचं. म्हणायला युक्ती साधी, पण प्रत्येक देश आपली आकडेवारी आपल्याच तऱ्हेनं मांडायचा. मैत्रीण मला स्लोव्हाकमधली टिपणं वाचून दाखवायची आणि बदल्यात मी तिला फोडणीचं वरण करून घालायची. हिंगाचा वास तिला शेवटपर्यंत आवडला नाही, वरण मात्र ती वाटी चाटून संपवायची.

नवीन उत्तर आलं तेव्हा तोटा बराच लहान झाला होता. नाहीसा झाला नव्हता. आणखी एक गोष्ट दिसली, जी पहिल्या आलेखात झाकली गेली होती. झळ सगळ्यात जास्त पहिल्या वर्षांत बसली. पुढे लहान बाजूनं दुसरीकडे गिऱ्हाइकं शोधली, आणि त्यासाठी ती कुणाला विचारत बसली नाही.

२००६ च्या उन्हाळ्यात बाबा आले. नुकतेच निवृत्त झाले होते. आई ताईच्या बाळंतपणासाठी नागपूरला थांबली, म्हणून एकटेच. पहिल्याच दिवशी चहा पिताना मी त्यांना नवीन उत्तर सांगितलं.

"म्हणजे तोटा कमी झाला," ते म्हणाले. चेहरा उजळला होता.

"कमी झाला, बाबा. गेला नाही."

"पण कमी झाला."

"हो, कमी झाला."

एवढ्यावर त्यांची माझ्या पीएचडीशी सोयरीक पुन्हा जुळली. ते माझ्याबरोबर डिपार्टमेंटमध्ये यायला लागले. मैत्रिणीला त्यांनी तिच्या वडिलांच्या कारखान्याबद्दल इतकं बारकाईनं विचारलं, की शेवटी तिनं घरी फोन लावून वडिलांनाच त्यांच्याशी बोलायला लावलं. एकाला इंग्रजी कामापुरतं, दुसऱ्याला जवळजवळ नाहीच, आणि मध्ये ती दुभाषी. वाफेच्या बॉयलरवर ते बराच वेळ बोलले. राजकारणाचा शब्द निघाला नाही.

एका शनिवारी मी बाबांना डेट्रॉइटला नदीकाठी नेलं. तिथे नदीपलीकडे कॅनडा आहे, आणि तोही दक्षिणेला, हे त्यांना मुळीच पटेना. नकाशा आठवून ते दोनदा सूर्याकडे बघून आले. दिशा पक्क्या झाल्यावर त्यांचं लक्ष पुलाकडे गेलं. पुलावर ट्रकांची रांग होती, मुंगीच्या पावलानं सरकणारी.

"दोन्ही देशांत जकात नाही ना?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ नाहीच."

"मग काहून उभे करून ठेवले?"

मी सांगितलं की २००१ च्या हल्ल्यानंतर तपासणी कडक झाली आहे. शिवाय कागद, नियम, इकडचा शिक्का, तिकडचा शिक्का. इथल्या मोटारींचे सुटे भाग पुरी गाडी तयार होईपर्यंत हा पूल अनेकदा ओलांडतात, आणि दर वेळी थांबतात. "बाबा, मी चार वर्षं मोजतेय ते हेच. जकात काढून टाकली तरी सीमा राहते."

ते कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले. जवळ एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. बाबांनी त्यांना सरळ विचारलं, एवढा त्रास आहे तर दोन्ही देश एकच का करत नाहीत? गृहस्थांनी पलीकडे हनुवटी केली. "माझी बहीण तिकडे राहते. रोज कुरकुर करते या पुलाबद्दल. पण आमच्यात या म्हटलं तर बोलणं सोडेल." आणि गळाकडे वळले.

बाबांना हे फार आवडलं. बाकावर येऊन बसले तेव्हाही ते हसत होते. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, मी सांगत होतो. पण ते म्हणाले, "आता तू मला नीट सांग. रुसणार नाही. आपलं झालं तर काय होईल?"

"मला आपलं माहीत नाही, बाबा. त्यांचं माहीत आहे. आणि आपण देश होणार नाही, राज्य होऊ. बाजार, चलन सगळं तेच राहील, त्यामुळे व्यापाराची झळ फार बसू नये. पण जिथे पैसा आणि निर्णय मोठ्या बाजूच्या हातात असतात, तिथे लहान बाजूची सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात. नवीन खाती, नवीन देणी. त्याची तयारी आधी केली तर निभावतं. सोनं होईल म्हणून कोणी सांगत असेल, तर तो मोजत नाही."

ते हळूहळू बोलायला लागले. तिशीत असताना त्यांनी एका नाल्यावरच्या छोट्या बंधाऱ्याचा आराखडा केला होता. मुंबईहून शंका यायच्या. शंका काढणाऱ्यानं तो नाला पाहिलेला नव्हता. एका शंकेचं उत्तर पाठवलं की दुसरी यायची. बंधारा झाला तेव्हा ज्या शेतकऱ्यानं जागा दाखवली होती तो वारला होता. "मला तोटा चालला असता गं," ते म्हणाले. "पण तोटा असतो हेच आम्हांला कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. विचारणारा फितूर वाटायचा."

"मग आता तुम्ही सांगा त्यांना."

"मी?"

"तुमचं ऐकतील. माझं कोण ऐकणार?"

येताना ते गाडीत झोपले.

माझ्या प्रबंधात शेवटचं प्रकरण नवीन आलं ते त्यानंतर. झळ कोणाला, किती काळ, आणि कशानं कमी होते, एवढंच त्यात मांडलं. वेगळं व्हावं की नाही, हे ठरवणं माझं काम नाही असं मी पहिल्याच पानावर लिहिलं. गाईडनी ते वाक्य खोडलं नाही. २००७ च्या वसंतात मी प्रबंधाचा बचाव केला. मैत्रीण पहिल्या रांगेत बसली होती आणि तिनं पुन्हा हात वर केलाच. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. ती समाधानानं मागे रेलली.

शिक्षण संपवून मी व्हर्जिनियात नोकरीला लागले. घर लावत असताना बाबांचा फोन आला. नागपुरात एका सभागृहात विदर्भवाद्यांची बैठक होती आणि जुने कार्यकर्ते म्हणून त्यांना बोलायला सांगितलं होतं. त्यांनी उभं राहून सांगितलं की पहिली वर्षं कठीण जातील, आणि त्याची तयारी आपण काहीच केलेली नाही.

"मग?"

"मग काय, एक जण उठला. म्हणे, काका, तुम्ही कोणाच्या बाजूनं बोलून राहिले? मी म्हटलं, विदर्भाच्याच. म्हणून तर सांगून राहिलो."

"आणि?"

काही लोक उठून गेले, असं ते म्हणाले. टाळ्या वाजल्या नाहीत. पण चहाच्या वेळी विद्युत मंडळातले एक निवृत्त इंजिनियर आणि बँकेतले एक अधिकारी त्यांना येऊन भेटले. आता ते तिघं दर बुधवारी आमच्या अंगणात बसतात आणि पहिल्या वर्षांत काय काय लागेल ते ठरवतात. बाबांच्या आवाजात मी लहानपणी ऐकलेला मोर्च्याचा जोर होता.

"विजेच्या दरावर आमचं जमत नाही," ते म्हणाले. "बँकवाला फार कंजूष आहे. पण त्याचं म्हणणं चुकीचं नाही, हीच तर अडचण आहे."