बगळ्याची सफेदी

लोटू पाटील चिडला की बोलत नसे, कॅमेऱ्याच्या काचेवर फुंकर मारत बसे. गेल्या तीन वर्षांत त्याने इतकी फुंकर मारली होती की तेवढ्यात एखाद्या सोनाराची भट्टी चालली असती.

कारण एकच, बगळा. सुरतेच्या पक्षीमित्र मंडळाचं दरवर्षी फोटोंचं प्रदर्शन भरे आणि त्या भिंतीवर लोटूला आपल्या बगळ्याचा एक, फक्त एक फोटो हवा होता. खाली नाव: लोटू पाटील, कलर मास्टर, पांडेसरा. बत्तीस वर्षं त्याने तिथल्या मिलमध्ये साड्यांचे रंग जुळवले होते. पण साडीवर रंगवणाऱ्याचं नाव कोण छापतं? पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता, आणि तीनही वर्षं त्याचा फोटो परत आला होता.

"काका, पांढरं जळलंय," निवड करणारा पराग दरवेळी म्हणे. पराग बँकेत होता, बोलायला गोड आणि नाही म्हणायला त्याहून गोड. "एकही पीस दिसत नाही. पांढऱ्या पक्ष्याला उजेड कमी घ्या. आणि वरून नका काढू, त्याच्या डोळ्याच्या पातळीला या."

लोटूच्या डोक्यात तिडीक जाई. मिलमध्ये कपडा असा झळझळीत पांढरा निघाला तर शेठ पाठ थोपटायचा. जरा पिवळट झाक राहिली की सगळा माल परत. त्याचा हात आपसूक एक्स्पोजर, म्हणजे उजेड, वाढवण्याकडेच जाई. आणि कोन? कपडा टेबलावर पसरून उभ्याने वरून पाहायचा, हीच आयुष्यभराची सवय. बगळे यायचे त्या तळ्याच्या बांधावरही तो तसाच ताठ उभा राही, आणि फोटोत बगळा चिखलावर वाळत घातलेल्या रुमालासारखा दिसे.

चौथ्या वर्षी त्याने हट्ट सोडला. सुट्टीच्या दिवशी पहाटे जुनी पँट शोधताना बायकोने, उषाबाईने, त्याला पकडलंच.

"आते या वयमा गारामा लोयशात का? कपडा कोन धुई?"

"चिखलात लोळलो तर मीच धुईन," लोटू गुरगुरला.

तळ्याकाठी तो खरोखर पालथा पडला. कोपरं रुतली, कानात डास, पाठीत कळ. एक्स्पोजर उणे एकवर आणताना त्याचा जीव अगदी कासावीस झाला, पडद्यावर सगळंच मळकट वाटत होतं. पहिला बगळा उडाला. दुसरा म्हशीच्या आड गेला. लोटूने बगळ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. दोन तासांनी एक बगळा चालत चालत अगदी समोर आला, थांबला आणि थेट त्याच्या डोळ्यांत पाहू लागला. लोटूने बटण दाबलं.

घरी येऊन त्याने फोटो मोठा करून पाहिला. पीस न् पीस सुटं दिसत होतं, मानेवरचे केसासारखे धागेसुद्धा. लोटूला इतका आनंद झाला की चिखलाचे कपडे बदलायचेही राहिले. मग त्याची नजर पोटाकडे गेली. पोटाखाली आणि मांड्यांवर गुलाबी झाक होती. त्याने खिडकी उघडली, पुन्हा पाहिलं. उन्हाची नव्हती ती. राणी रंग होता, त्यात निळसर छटा. मिलमध्ये महिनाभर त्याने जुळवलेल्या याच रंगाचा माल चालू होता आणि मिलच्या मागचा नाला त्याच तळ्याला मिळत होता.

संध्याकाळी पराग फोटो पाहून उडालाच. "काका! कोन फर्स्ट क्लास, उजेड एकदम बरोबर. यंदा पहिल्या भिंतीवर तुम्ही!" मग त्याने चष्मा वर केला. "फक्त पोटाखाली काहीतरी गुलाबी आलंय. कॅमेऱ्याचं असेल. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत काढून टाकतो, बगळा पांढराशुभ्र होईल."

चार वर्षं ज्या भिंतीसाठी जीव टाकला ती हातभर अंतरावर होती. लोटूने कॅमेरा उचलला, सवयीने काचेवर फुंकर मारायला तोंड नेलं, पण फुंकर आलीच नाही.

"नका काढू, परागभाई," तो म्हणाला. "लावायचा तर असाच लावा. आणि खाली माझं नाव लिहाल तेव्हा हेही लिहा, बगळ्याच्या पोटावरचा रंग याच माणसाने बनवलाय."