सातव्या प्रकरणाचे टाके

पुस्तकाची पाने सुईदोऱ्याने शिवणारा ग्रंथपाल निजामाच्या राज्यात माझ्याखेरीज दुसरा झाला नसावा.

झरीच्या मठाच्या ओसरीवर आमचे मराठी वाचनालय होते. म्हणजे एक कपाट होते. मी शाळेत गणित शिकवी आणि कपाटाची किल्ली सांभाळी. मुलांना कोणतेही पुस्तक मिळावे, असे काही पालक म्हणत. दुकानदार विश्वनाथअप्पा म्हणत, "पोरींनी काय वाचायचं ते आमी ठरवू, गुरुजी!" मी मध्यबिंदू काढला. पुस्तके सर्वांना खुली. आक्षेपार्ह पाने मात्र शिवलेली. पालकाची परवानगी असेल तरच टाके उसवावेत. (एका कादंबरीच्या सातव्या प्रकरणाला मी स्वहस्ते सतरा टाके घातले. एकही सरळ नव्हता!)

ती कादंबरी प्रथम नेली माझ्याच अकरा वर्षांच्या लेकीने, सिंधूने. परत आणली त्या दिवशी नेमकी पालकांची सभा होती. अप्पांनी पुस्तक उघडले.

"गुरुजी, टाके लय सुबक हायेत की! हे तुमचे न्हाईत!"

सभा खदखदून हसली. माझे कान तापले.

"सिंधू! वर्षभर तुला पुस्तक बंद!"

"नाना, मी न्हाई उसवले..."

"वर खोटेही बोलतेस?"

पोर मुसमुसू लागली. तेवढ्यात खांबाआडून, डोईवरचा पदर सावरीत, आमच्या मंडळी बोलल्या, "तिला कशाला रागं भरायलाव? मी उसवले. आधी मी वाचलं, मग तिला वाचू दिलं, मग शिवून टाकलं. पालकाची परवानगी लागती ना? मग आई पालक न्हाई का?"

नियम लिहिताना मी तीनदा तपासला होता. त्यात आई कोठेच नव्हती!

अप्पा हळूच म्हणाले, "ते राहू द्या. गुरुजी, त्या पानांत हाय तरी काय?"

मला ठाऊक नव्हते. प्रकरणाचे नाव 'एकांत' होते, एवढ्यावरच मी सुई घेतली होती! हे ऐकताच अप्पांनी पुस्तक 'तपासायला' घरी नेले. त्यांच्यामागे अकरा पालकांनी नंबर लावले.

घरी आल्यावर मी सिंधूची क्षमा मागितली. मग आवाज उतरवून विचारले, "काय गं, आहे तरी काय त्या प्रकरणात?"

तिने डोळे पुसले आणि गंभीरपणे म्हणाली, "आईला विचारून सांगते, नाना."

आईने परवानगी दिली नाही.