दोघींचं बुकिंग

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा इथे आखातात एसीच्या डक्टचं काम करतात, आता सुपरवायझर झालेत. आई दहावीपर्यंत शिकली. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षी आमच्या वर्गाची सहल इटलीतल्या एका शेकडो वर्षं जुन्या विद्यापीठात जाणार असं ठरलं, तेव्हा मी ती बातमी घरी दोनदा सांगितली. एकदा सांगून ती मलाच खरी वाटेना.

सरांनी जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला तिथली एकेक जागा अभ्यासायला दिली. कुणाला खांबांचं अंगण, कुणाला घंटेचा मनोरा. मला आणि माझ्या मैत्रिणीला शरीरशास्त्राचं जुनं सभागृह मिळालं. ते सगळं लाकडी आहे, नरसाळ्यासारखं खाली निमुळतं होत जातं. तळाशी मृतदेह ठेवायचं टेबल, भोवती एकावर एक कठड्यांची वर्तुळं. विद्यार्थी त्यांत दाटीवाटीनं उभे राहून खाली बघायचे. आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, म्हणून वेळ आधी घ्यावी लागते. ती मी घेतली. दोघींची, माझ्या नावावर. बुकिंगचा मेल आला तो बाबांना दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून सावकाश वाचला आणि विचारलं, "आत बसायला देतात?"

"नाही, तिथे कुणीच बसायचं नाही. उभ्यानंच शिकायचे."

"मग आमच्यासारखंच," बाबा म्हणाले.

व्हिसा सेंटरच्या खिडकीवरच्या बाईंनी माझे कागद पाच मिनिटांत परत केले. सहलीहून परतल्यावर पुढे तीन महिने तरी इथला रेसिडेन्स व्हिसा शिल्लक लागतो. माझा दोनच महिन्यांत संपत होता. माझा व्हिसा बाबांच्या व्हिसावर, आणि बाबांचा कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदपत्रं करणारा माणूस, बघतो. तो शेवटच्या पंधरवड्यात बोलावतो, सही घेतो, काम होतं. इतकी वर्षं असंच चाललंय. आपली तारीख आपण बघायची असते हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. बाबांनी पीआरओला फोन केला. तो म्हणाला, "इन्शाल्ला, नेक्स्ट मंथ." आमचं विमान दहा दिवसांवर होतं.

मैत्रीण गेली. तिचे आईवडील दोघेही पुण्याचे इंजिनिअर. वडील तर जर्मनीत शिकलेले. तिच्या घरी सगळ्यांच्या व्हिसाच्या तारखा फ्रिजवर लावलेल्या असतात. ती निघताना माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मला ते रडणंही आवडलं नाही. जिला जायला मिळतंय तिला रडायला काय जातं, असं वाटलं.

तिचे फोटो यायला लागले. अंगणाच्या भिंतींवर जुन्या विद्यार्थ्यांची रंगीत कुलचिन्हं, अगदी छतापर्यंत. त्यांच्याखाली ती, हातात आइस्क्रीम. मी फोटो मोठा करून तिच्या मागची कमान बघायची. कमानीच्या आत डावीकडे सभागृहाकडे जाणारा जिना आहे, हे मला नकाशावरून पाठ होतं. ती त्या जिन्यासमोर उभी होती आणि तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं. एका फोटोला मी उत्तरच दिलं नाही.

रविवारी बाबा घरी होते. आम्ही जेवत होतो, तेवढ्यात तिचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला.

"अगं, मी दाराशी आहे. ते बुकिंग फॉरवर्ड कर ना. वीस मिनिटांत आपला नंबर. इथल्या दारावरच्या काकू फार स्ट्रिक्ट आहेत."

मेल माझ्या फोनमध्ये सगळ्यात वर पिन करून ठेवलेला होता. मी म्हणाले, "सापडत नाहीये गं. मी येत नाही म्हटल्यावर कॅन्सल झालं असेल बहुतेक."

"शिट. बरं, असू दे. मी बाहेरूनच फोटो काढते. तू जेव."

मी फोन ठेवला आणि भात कालवत बसले. बाबांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "बाय, मला दाखवलंस ते काय होतं मग?"

मी भात चिवडत राहिले.

"तारीख मी नाही बघितली. राग माझ्यावर काढ. तिच्यावर कशाला?"

मला बाबांचा राग आलेला नव्हता, पण ते सांगितलं असतं तर खरं कारणही सांगावं लागलं असतं: माझ्याशिवाय तिनं ते बघावं, हेच मला नको होतं. जेवण कसंबसं संपवून मी ताट सारलं आणि मग मेल पाठवला. तोवर अर्धा तास गेला होता. तिचं उत्तर आलं, "थँक्स गं. दार बंद झालं. नेक्स्ट टाइम."

ती परतल्यावर आम्ही दोघींनी वर्गात सादरीकरण केलं. नकाशे, छेद, इतिहास, सगळं माझं. सभागृहाच्या आतला तिनं काढलेला एकही फोटो नव्हता. सरांनी तिलाच विचारलं, "तू तिथपर्यंत गेलीस आणि आत गेली नाहीस? मग गेलीस कशाला?"

"सॉरी सर. बुकिंग वेळेवर सापडलं नाही. माय मिस्टेक." ती खाली बघत होती. प्रत्यक्ष भेटीचे मार्क वेगळे होते, आणि सरांनी पेन हातात घेतलं होतं.

मी हातातला नकाशा खाली ठेवला. "सर, बुकिंग माझ्याकडे होतं," मी म्हणाले. "तिनं वेळेत मागितलं होतं. मी मुद्दाम पाठवलं नाही."

वर्गात कुणीतरी खुर्ची सरकवली. सरांनी आम्हां दोघींकडे पाहिलं. "का?"

"मला जायचं होतं," मी म्हणाले. त्याहून बरं वाक्य मला सुचलं नाही.

सरांनी तिचे मार्क तिला दिले. माझे कापले. बाहेर आल्यावर ती माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. कॉरिडॉरच्या टोकाला ती थांबली, पण मागे वळली नाही.

"त्या दारासमोर मी तुझ्यासाठी व्हिडिओ काढत होते, माहितेय?" ती म्हणाली. "आत गेल्यावर तुला लाइव्ह दाखवणार होते सगळं."

मी तिला हाक मारली. रोज आम्ही दोघी घेतो त्या अल कुसैसच्या बसकडे न वळता ती पार्किंगकडे गेली, जिथे तिचे बाबा गाडी घेऊन आले होते.